हिवाळ्यात बोट कमी खर्चात सुरक्षित ठेवण्याची पद्धत

ज्या प्रदेशात हिवाळ्यात तलाव, नद्या आणि बंदरांतले पाणी गोठते, तेथे बोटीचे बहुतेक नुकसान थंड हवेमुळे होत नाही. ते बोटीत मागे राहिलेल्या पाण्यामुळे होते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. हे पाणी बंद पोकळीत अडकलेले असेल, तर त्याचा दाब ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉकही तडकवतो. उरलेले नुकसान वितळलेल्या बर्फाचे, कोंडलेल्या दमट हवेचे आणि सैल सुटलेल्या ताडपत्रीचे असते. म्हणून ज्याला खर्च आटोक्यात ठेवायचा आहे त्याने पैसा याच क्रमाने खर्च करावा असे माझे ठाम मत आहे: आधी पाणी बाहेर काढणे, मग नवे पाणी आत येऊ न देणे, मग आत हवा खेळती ठेवणे, आणि यानंतर काही उरलेच तर महागडे छप्पर. गरम केलेल्या बंदिस्त शेडचे भाडे भरूनही इंजिनातले पाणी तसेच ठेवणारा माणूस एका रात्रीही वीज जाणार नाही या भरवशावर राहतो. उलट नीट रिकामी केलेली बोट उघड्या अंगणातही सुखरूप राहते.

जागा कोणती निवडावी

ट्रेलरवर मावणाऱ्या बोटीसाठी स्वतःचे अंगण हाच सर्वांत स्वस्त पर्याय आहे. तेथे भाडे नसते आणि, त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक वादळानंतर दोन मिनिटांत जाऊन पाहता येते. जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. जमीन पाण्याचा निचरा होणारी असावी, वरून झाडाच्या फांद्या किंवा घराच्या छपरावरून घसरणारे हिम कोसळू नये, आणि जोराच्या वाऱ्याची दिशा बोटीच्या बाजूवर येण्याऐवजी तिच्या टोकाकडे यावी. घराबाहेर बोट उभी करण्यावर स्थानिक नियमांचे बंधन असू शकते, ते आधी विचारून घ्यावे.

अंगण नसेल तर शेतावरची गोठ्यासारखी किंवा गवत साठवण्याची रिकामी शेड भाड्याने मिळते का, याची चौकशी करावी. अशी शेड गरम नसते, पण पाऊस, हिम आणि ऊन या तिन्हींपासून बचाव करते आणि बोट दुरुस्ती यार्डाच्या बंदिस्त जागेपेक्षा बहुधा बरीच स्वस्त पडते. दोन-तीन बोटमालकांनी मिळून अशी जागा घेतल्यास खर्च आणखी वाटला जातो. मात्र आग, चोरी आणि छप्पर कोसळणे यांची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून घ्यावे आणि आपल्या विमा कंपनीला नवी जागा कळवावी. अनेक विमा करारांत बोट कोणत्या महिन्यांत पाण्याबाहेर असायला हवी याची अट असते आणि गोठण्यामुळे झालेले नुकसान बरेचदा वगळलेले असते. हे कलम हिवाळ्याआधी वाचावे.

मोठ्या बोटींसाठी यार्डातली उघडी जागा हा मधला पर्याय आहे. भाडे ठरवताना बोट उचलणे, तळ धुणे, आधारावर ठेवणे आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडणे या चारही गोष्टी त्यात धरल्या आहेत का, तसेच मालकाला स्वतः काम करू देतात का, हे विचारावे. काही यार्डांत मालकाला स्वतः इंजिनाचे काम करायला मनाई असते, आणि मग स्वस्त वाटलेली जागा मजुरीमुळे महाग होते.

बोट पाण्यातच ठेवण्याचा पर्याय वरवर फुकटासारखा दिसतो, पण मी तो सुचवणार नाही. पाण्याच्या पातळीखालची एखादी जोडणी गोठून फुटली किंवा साचलेल्या हिमाच्या भाराने मागचा भाग खाली दबला, तर बोट धक्क्यालाच बुडू शकते. बुडबुडे सोडणारी किंवा पाणी ढवळणारी यंत्रे बोटीभोवती बर्फ धरू देत नाहीत, परंतु त्यांना अखंड वीज लागते. बंदिस्त गरम जागा चांगलीच, या समजाला मात्र एक अपवाद आहे: फळ्या जोडून बांधलेल्या लाकडी बोटी. त्यांचे लाकूड कोरड्या, गरम जागेत आक्रसते आणि फळ्यांमधल्या फटी उघडतात. म्हणून अशा बोटीला गरम शेडपेक्षा थंड, किंचित दमट, सावलीची जागा अधिक मानवते.

बाहेर काढताच धुवावे

बोट पाण्याबाहेर आली की तळावरचे शेवाळ आणि शिंपले ओले असतानाच काढावेत. ओले असताना ते दाबाच्या पाण्याने आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने निघतात, वाळल्यावर मात्र दगडासारखे चिकटून बसतात. खाऱ्या पाण्यातली बोट, ट्रेलर, नांगराची साखळी आणि सगळे धातूचे भाग गोड्या पाण्याने भरपूर धुवावेत. फायबरग्लासच्या पृष्ठभागावर मेणाचा एक थर आत्ताच द्यावा. वसंतात देण्यापेक्षा आत्ता दिला तर तो हिवाळाभर काम करतो. धुताना दिसलेल्या भेगा, फोड आणि सैल स्क्रू यांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे दुरुस्तीची कामे थंडीच्या महिन्यांत सावकाश करता येतात.

बोट नीट टेकवणे

ट्रेलरवरच्या बोटीचे पुढचे टोक थोडे उंच करावे आणि तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे आत शिरणारा प्रत्येक थेंब मागे वाहून बाहेर पडेल. हे बूच एका दोरीने स्टिअरिंगला बांधून ठेवावे. कुठे ठेवले हे पुढे आठवत बसावे लागत नाही आणि बूच न लावता बोट पाण्यात ढकलली जाण्याचा धोकाही टळतो. ट्रेलरच्या आसाखाली, स्प्रिंगजवळ, भक्कम ठोकळे देऊन टायरांवरचा भार कमी करावा आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरावे. बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी तसेच राहिले तर तेथे गंज धरतो, आणि तो वसंतातल्या पहिल्याच प्रवासात रस्त्यावर त्रास देतो. चाके काढून घरात ठेवली तर चोरीचाही बंदोबस्त होतो.

यार्डात लोखंडी आधारांवर ठेवलेल्या कील (तळाच्या मधोमध लांबीभर असलेला कणा) असलेल्या बोटीचे बहुतेक वजन कीलखालच्या ठोकळ्यांवर असावे. बाजूचे आधार तिला फक्त तोलून धरतात. समोरासमोरचे आधार बोटीखालून साखळीने एकमेकांना जोडलेले असावेत आणि जमीन मऊ असेल तर प्रत्येक पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा असावा, कारण गोठलेली टणक माती वितळल्यावर चिखल होते आणि आधार खचतो. आधार सरकवण्याचे काम स्वतः कधीही करू नये. ते यार्डातल्या जाणकार माणसांवर सोडावे.

इंजिन

येथे घाई करू नये. सर्वांत महाग नुकसान येथेच होते आणि ते टाळायला लागणारे सामान सर्वांत स्वस्त असते.

सुरुवात इंधनापासून करावी. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा फार झाला की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. म्हणून शेवटच्या फेरीआधी इंधन टिकवणारे रसायन योग्य प्रमाणात घालावे, आतली पक्की टाकी सुमारे ९५ टक्के भरावी, प्रसरणासाठी थोडी जागा सोडावी, आणि नंतर इंजिन १० ते १५ मिनिटे चालवावे, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. नुसते टाकीत ओतून इंजिन न चालवणे म्हणजे नळ्यांमध्ये जुनेच इंधन ठेवणे होय. टाकीची हवा जाण्याची नळी कधीही बंद करू नये. लहान आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची) टाकी सुटी असेल, तर टाकी रिकामी करणे आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले इंधन काढून घेणे अधिक सोपे.

जमिनीवर इंजिन चालवताना नळाच्या पाइपने पाणी पुरवणारे रबरी कप (मफ) इंजिनाच्या पाणी घेण्याच्या छिद्रांवर बसवावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हे काम उघड्यावरच करावे, कारण बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. याच वेळी गोड्या पाण्याने आतले मीठही धुतले जाते.

इंजिन कोमट असतानाच तेल आणि तेलाचा फिल्टर बदलावा. वापरलेल्या तेलात आम्ले आणि ओलावा असतो, आणि ते महिनोन्महिने बेअरिंगवर राहणे चांगले नाही. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पण गिअर व प्रोपेलर मागे बाहेर असलेली रचना) यांच्या खालच्या गिअरपेटीतले तेलही याच वेळी काढावे आणि ते निरखून पाहावे. दुधाळ दिसले तर सील गळत आहे आणि आत पाणी शिरले आहे असे समजावे. हे पाणी गोठले की पेटीचे कवच तडकते. नवे तेल खालच्या छिद्रातून वर चढवत भरावे, म्हणजे हवा अडकत नाही, आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. हे वॉशर अगदी किरकोळ किमतीचे असतात आणि जुनेच पुन्हा लावणे हे गळतीचे नेहमीचे कारण असते.

आउटबोर्डला यापुढे फारसे काही लागत नाही. तो उभा, सरळ खाली सोडलेल्या स्थितीत ठेवला की त्यातले थंडावा देणारे पाणी आपोआप गळून जाते. वर उचलून तिरका ठेवला तर पाणी अडकते आणि प्रोपेलरच्या मधल्या पोकळीतही पावसाचे पाणी साचते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर गंजरोधक तेलाचा फवारा मारण्याची पद्धत आहे. नव्या इंजिनांसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाळावे.

बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचे काम वेगळे आहे. बाहेरचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनात प्रथम ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पंपाच्या नळ्या यांचे सगळे निचरा स्क्रू उघडावेत. पाणी आले नाही तर आत पाणी नाही असे मानू नये. गंजाचे पापुद्रे छिद्र बुजवतात, म्हणून तार घालून प्रत्येक छिद्र मोकळे करावे. पाणी पूर्ण गळाल्यावर स्क्रू लावून विषारी नसलेले प्रोपिलीन ग्लायकोलचे अँटिफ्रीझ (थंडीत सहजी न गोठणारे रंगीत द्रव) आत भरावे. अनेक जण निचरा करण्याचा टप्पा गाळतात आणि चालत्या इंजिनाला बादलीतून अँटिफ्रीझ पाजतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असेल तर ते द्रव ब्लॉकमध्ये न जाता बाहेरच्या वाटेने निघून जाते, एक्झॉस्टमधून त्याचा गुलाबी रंग दिसतो, आणि ब्लॉक मात्र पाण्याने भरलेलाच राहतो. निचरा आधी आणि अँटिफ्रीझ नंतर, हा क्रम म्हणूनच सोडू नये.

अँटिफ्रीझच्या डब्यावरचा उणे ४५ अंश सेल्सियससारखा आकडा बहुधा नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. द्रव त्याच्या पुष्कळ आधीच घट्ट होऊ लागतो, आणि त्यात उरलेले पाणी मिसळले की संरक्षण आणखी घटते. त्यामुळे हे द्रव पातळ करू नये. मोटारीचे एथिलीन ग्लायकोल विषारी असते, चवीला गोडसर असल्याने प्राणी ते चाटतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत ते कधीही घालू नये. ज्या इंजिनात मोटारीसारखी स्वतंत्र बंद शीतक यंत्रणा असते, त्यातल्या शीतकाची गोठणमर्यादा साध्या मापकाने तपासावी. मात्र अशा इंजिनातही समुद्राचे पाणी फिरणारी बाहेरची बाजू रिकामी करावीच लागते. शेवटी पंपातला रबरी इम्पेलर काढून ठेवावा, कारण एकाच स्थितीत दबून राहिलेली त्याची पाती वाकडी होतात.

पाण्याच्या टाक्या, शौचालय आणि तळ

पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करून सर्व नळ उघडावेत, मग गरम पाण्याच्या टाकीला वळसा देऊन नळ्यांमधून अँटिफ्रीझ फिरवावे आणि प्रत्येक नळातून रंग येईपर्यंत थांबावे. वळसा दिला नाही तर गरम पाण्याची टाकी भरण्यातच बरेच लिटर द्रव वाया जाते. शॉवरचा नळ, डेकवरची धुण्याची नळी आणि शॉवरखालचा लहान पंप हे हमखास विसरले जातात. मैलाटाकी उपसून धुवावी आणि शौचालयाच्या पंपातूनही द्रव खेचून घ्यावे. बोट जमिनीवर असेल तर तळाच्या झडपा दोन-तीनदा उघडझाप करून उघड्या ठेवाव्यात, कारण बंद बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यात थोडे पाणी अडकून राहते. तळाच्या खोलगट भागातले उरलेले पाणी स्पंजने टिपून कोरडे करावे.

बॅटरी

पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी उणे ५० अंश सेल्सियसलाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकते. म्हणून ती प्रथम पूर्ण भरावी, विसावल्यावर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवते का ते पाहावे आणि आधी ऋण टोकाची, मग धन टोकाची तार सोडावी. शक्य असल्यास ती थंड, कोरड्या जागी ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी तपासावी व लागेल तेव्हा भरावी. लिथियम बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवू नये. अर्ध्याच्या आसपास भार पुरतो, आणि शून्याखालच्या तापमानात ती चार्जरला कधीही जोडू नये.

आच्छादन

यार्डात केलेले उष्णतेने आवळणारे प्लॅस्टिकचे आवरण सुबक दिसते, पण ते एका हंगामाचे असते आणि दरवर्षी नवा खर्च मागते. लाकडाचा किंवा पीव्हीसी पाइपचा स्वतः बनवलेला सांगाडा आणि त्यावर जाड ताडपत्री हा खर्च एकदा केला की सांगाडा कित्येक वर्षे चालतो, आणि माझ्या मते ज्याच्याकडे एक मोकळा दिवस आणि करवत आहे त्याने दुसरा विचार करण्याचे कारण नाही. बाजारात मिळणारी पातळ ताडपत्री उन्हाने आणि वाऱ्याने हिवाळा संपण्याआधीच फाटते. दर चौरस मीटरला निदान २०० ग्रॅम वजनाची घ्यावी.

सांगाड्याचे तत्त्व उतरत्या छपराच्या घराचेच आहे. बोटीच्या लांबीभर मधोमध एक भक्कम आढे उभ्या टेकूंवर बसवावे आणि त्यावरून दोन्ही काठांपर्यंत वासे सोडावेत. उतार जितका ४५ अंशांच्या जवळ जाईल तितके हिम स्वतः घसरून पडेल. सपाट किंवा झोळ पडलेल्या आच्छादनाचा धोका आकड्यांत पाहावा: ताजे भुसभुशीत हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरते, पण ओले हिम ३०० किलो किंवा त्याहून अधिक. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आच्छादनावर २५ सेंटिमीटर ओले हिम बसले तर तो भार जवळपास ९०० किलो होतो. म्हणूनच ताडपत्री नुसती बोटीच्या रेलिंगवर ताणून बांधू नये.

सांगाड्याची टोके, काचेच्या चौकटीचे कोपरे, क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या) अशा प्रत्येक टोकदार जागी जुन्या गालिच्याचे तुकडे किंवा फेसाची नळी बांधावी, कारण ताडपत्री तेथेच फाटते. दोर बोटीच्या पोटाखालून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे न्यावेत. बोटीच्या आधारांना किंवा त्यांच्या पायांना ताडपत्री कदापि बांधू नये: वाऱ्याने ताडपत्री फडफडली की ती आधारच ओढून काढते आणि बोट आडवी होते. ट्रेलरच्या चौकटीला मात्र बांधायला हरकत नाही. खाली वजन लटकवायचे असेल तर पाण्याचे डबे गोठून फुटतात, म्हणून वाळू भरलेले डबे वापरावेत आणि ते बोटीच्या अंगावर आपटणार नाहीत इतके खाली सोडावेत. ताण वरचेवर सैल होतो, तेव्हा दोराला पुन्हा आवळता येईल अशी गाठ मारावी.

दोन्ही टोकांना, वरच्या बाजूला आणि पावसापासून आडोशाला, हवेसाठी उघडी जागा ठेवावी. ताडपत्री बोटीला सर्व बाजूंनी घट्ट चिकटवली तर आतला ओलावा थेंब होऊन राहतो. ऊबदार दिवसांनंतर येणाऱ्या थंड रात्री हा ओलावा वाढवतात, आणि वसंतात काळी बुरशी दिसते.

आतले सामान आणि उंदीर

गाद्या, जीवरक्षक जॅकेट, शिडे, कागदपत्रे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि खाण्याचा प्रत्येक कण घरी न्यावा. शिडे गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच घडी घालावीत. गॅस सिलिंडर बोटीतून काढून उघड्या हवेत उभा ठेवावा. जे सामान आत राहील ते उभे किंवा कडेवर ठेवावे, कप्प्यांची आणि फ्रिजची दारे उघडी सोडावीत. कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषक डबे स्वस्त असतात, पण ते वरचेवर रिकामे केले तरच उपयोगी पडतात आणि उघड्या हवेच्या वाटेला ते पर्याय नाहीत. राखण नसलेल्या बोटीत विजेचा हीटर किंवा जळता दिवा ठेवू नये. आगीचा धोका बुरशीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

एक्झॉस्ट आणि हवेच्या छिद्रांमध्ये स्टील वूल दाबून बसवले की उंदीर घरटे करत नाहीत. फक्त इंधन टाकीची हवा नळी मोकळीच ठेवावी. प्रत्येक बुजवलेल्या, उघडलेल्या किंवा काढलेल्या भागाची चिठ्ठी इग्निशनच्या किल्लीला लावावी: ‘एक्झॉस्टमध्ये स्टील वूल’, ‘इम्पेलर काढला आहे’, ‘तळाच्या झडपा उघड्या’.

फुगवण्याच्या बोटी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, किंचित हवा ठेवून उंदरांपासून दूर घरात ठेवाव्यात. पॉलिथिलीनच्या कयाकला तिच्या मुठींवर टांगू नये. दोन रुंद पट्ट्यांवर, कडेवर ठेवावी, नाहीतर ती हळूहळू वाकते.

हिवाळाभर आणि वसंतात

प्रत्येक मोठ्या वादळानंतर किंवा निदान दर काही आठवड्यांनी बोट पाहावी. साचलेले हिम मऊ झाडूने खाली ओढावे, खालून दांड्याने ढोसून वर उडवू नये, त्याने ताडपत्री फाटते. तळाच्या बुचाच्या छिद्रातून पाणी वाहत आहे की ते पानांनी बुजले आहे हे दर वेळी हाताचे बोट घालून तपासावे. हे छिद्र बुजले तर उघडे बूचही कामाचे नाही. आधाराचे पाय खचले नाहीत ना, साखळ्या ताणलेल्या आहेत ना, हे पाहावे आणि बदल दिसला तर लगेच यार्डाला कळवावे.

वसंतात किल्लीच्या चिठ्ठ्या एकेक करून उतरवाव्यात आणि प्रत्येक चिठ्ठीचे काम झाल्यावरच ती फाडावी. नळ्यांमधले अँटिफ्रीझ बादलीत गोळा करावे. ते तलावात किंवा बंदरात सोडू नये. पाण्याची यंत्रणा भरपूर पाण्याने धुवावी. बोट पाण्यात उतरवल्यावर ती ट्रेलरवर किंवा क्रेनच्या पट्ट्यांतच थोडा वेळ ठेवून तळाचे बूच, प्रत्येक झडप, नळीचा प्रत्येक क्लॅम्प आणि शाफ्टची सील टॉर्च घेऊन तपासावी, इंजिन सुरू करून मागून पाण्याची धार येते हे पाहावे, आणि तळ कोरडा आहे याची खात्री झाल्यानंतरच पट्टे सोडायला सांगावे.